इंजिन धुतल्यावर गाडी झटके का मारते: किनाऱ्यावरच्या गाड्यांसाठी

आधी लक्षणं सांगतो. यातलं एखादं जुळत असेल तरच पुढे वाचा.

गाडी धुऊन आणल्यावर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन थरथरतं, चारऐवजी तीन सिलिंडरवर चालल्यासारखं. ॲक्सिलरेटर दाबला की झटके, चढाला पिकअप नाही. मीटरमध्ये पिवळी चेक लाइट पेटते, कधी लुकलुकते. सीएनजीची गाडी पेट्रोलवर बरी चालते आणि गॅसवर टाकली की मिसिंग (एखाद्या सिलिंडरने पेट न घेणं) सुरू. डिझेल असेल तर ओढ कमी आणि मागून काळा धूर. कुणाची गाडी सेल्फ मारूनही उचलत नाही, कुणाचा बॅटरीचा लाल दिवा विझतच नाही. आणि आमच्या किनारपट्टीचं खास लक्षण म्हणजे सकाळी झटके, अकरानंतर गाडी एकदम शहाणी, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच.

देवगड-जामसंड्याच्या बाजूला माझं छोटं गॅरेज आहे, वायरिंगची कामं जास्त. वर्षातून तीनदा हा एकच आजार दारात रांग लावतो. मेच्या शेवटी, आंब्याची धावपळ संपून गाड्या धुतल्या जातात तेव्हा. गणपतीच्या आदल्या दोन दिवसांत, मुंबईकर महामार्गावरचा चिखल उतरवून घेतात तेव्हा. आणि खंडेनवमीला, कारण दसऱ्याच्या पूजेला गाडी बॉनेटखालीही चकचकीत हवी असते. ‘कालच धुवून हाडलंय, नि आज झटके मारता हा,’ हे इतक्यांदा ऐकलंय की पुढचं मीच विचारतो, ‘सकाळीच मारता ना?’

पावसात काही होत नाही, मग धुतल्यावरच का?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि बरोबर विचारतो. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणारी गाडी बादलीभर पाण्याला का घाबरावी?

पावसाचं पाणी वरून पडतं आणि निथळतं. वॉशिंग सेंटरच्या गनचं प्रेशर १०० बारच्या पुढे असतं. आपण टायरमध्ये ३२-३३ पीएसआय हवा भरतो, म्हणजे जेमतेम सव्वादोन बार. आता त्या गनचं तोंड कपलरपासून, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लॅस्टिकच्या जोडापासून, वीतभर अंतरावर धरलं तर काय होईल ते बघा. चांगल्या कपलरचं रबरी सील आयपी ६७ दर्जाचं असतं, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास राहिलं तरी आत थेंब जाऊ नये. पण ती परीक्षा साचलेल्या पाण्याची आहे, गनच्या फवाऱ्याची नाही.

दुसरं कारण गरम इंजिन. गरम पेला पाण्यात पालथा घातला की थंड होताना तो पाणी आत ओढतो. कपलर, कॉइलचं (प्लगला ठिणगीची वीज देते ती) रबर, फ्यूज बॉक्स यांचंही तसंच. महामार्गावरच्या नांदगाव तिठ्यापासून गाडी चालवत आणली आणि तशीच धुवायला लावली, तर आतली तापलेली हवा आकसते आणि जिथून वाट मिळेल तिथून पाणी खेचते.

तिसरं कारण आमच्या भागाचं आहे आणि खरा घोळ तिथेच आहे. किनाऱ्याजवळच्या कित्येक विहिरी आणि बोअरवेलचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. अशा पाण्याने इंजिन धुतलं की पाणी वाळतं, मीठ राहतं. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या बरणीतलं मीठ कसं पाझरतं ते आठवा. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाला पाणी सुटतं, आणि आमच्याकडे रात्री ती बहुतेक त्याच्या वरच असते. म्हणून पहाटे कॉइलच्या रबरातलं मीठ ओलं होतं, ठिणगी प्लगच्या टोकाला न पडता त्या ओल्या मिठावरून बाजूला पळते आणि गाडी मिसिंग करते. ऊन चढलं, इंजिन तापलं की मीठ वाळलं, गाडी बरी. मालकाला वाटतं आपोआप दुरुस्त झाली. आठ दिवसांनी तोच माणूस पुन्हा दारात.

काही तपासण्याआधी

सेल्फ मारत बसू नका. दोन वेळा मारून उचलली नाही तर थांबा. विशेषतः सेल्फ मारताना ‘टक्’ असा एकच आवाज येऊन इंजिन जागच्या जागी अडकत असेल तर चावी काढून ठेवा. हवेच्या पाइपातून सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असू शकतं. पाणी दाबलं जात नाही. वर येणारा पिस्टन त्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा गाडीला धक्का मारून सुरू करण्याचा प्रयत्न करणारे चार हितचिंतक रस्त्यावर हमखास भेटतात. त्यांना चहा पाजा, पण गाडीला हात लावू देऊ नका.

चेक लाइट नुसती पेटलेली असेल तर हळूहळू घरी जाता येतं. लुकलुकत असेल तर नाही. लुकलुकणं म्हणजे जोरात मिसिंग चालू आहे. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या कॅटमध्ये, म्हणजे धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, जाऊन जळतं आणि ते कॅट बदलायला लागलं तर त्या पैशात चारही कॉइल येतील आणि वर उरतील.

बिनपैशाचं, आधी हे

बॉनेट उघडून गाडी सावलीत, वाऱ्यावर ठेवा. घरातला टेबल फॅन लावला तर उत्तम. तीन-चार तास तरी द्या. पावसाळ्यात रात्रभर ठेवलं तरी वाळत नाही, हवेतच पाणी असतं. तेव्हा फॅन हवाच. बरेच दोष इथेच जातात. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी परत आले तर समजा, तुमच्याकडे पाणी नाही, मीठ शिल्लक आहे.

वाळेपर्यंत डोळ्यांनी बघून घ्या. धुताना एखादा कपलर निसटला आहे का, हवेचा पाइप क्लिपमधून सुटला आहे का, ऑइलचं झाकण नीट बसलं आहे का. मागच्या मेमध्ये एक पिकअप आली होती, ‘धुतल्यापासून ओढ नाही’ म्हणून. धुणाऱ्याने ब्रश घालताना टर्बोचा पाइप ढिला केला होता. स्क्रू ड्रायव्हरचे चार वेढे, काम संपलं.

उंदीरही इथेच बघा. दोष धुण्यावर ढकलला जातो, पण वायर कुरतडलेली असते. माडाच्या बागेत गाडी लावणाऱ्यांनी तर इंजिन कव्हर उचलून खाली बघावंच. एका गाडीत मला नारळाच्या सोडणाच्या काथ्याचं व्यवस्थित घरटं मिळालं, त्यात अर्धी खाल्लेली सुपारी आणि इंजेक्टरच्या वायरचे हिरवे-पांढरे तुकडे. धुण्याआधी ती वायर एका तारेवर तग धरून होती. पाण्याचा दणका बसला आणि तीही सुटली.

शंभर-पाचशेच्या आतलं

एअर फिल्टरचा डबा उघडा. क्लिपा असतात किंवा चार स्क्रू. कागद ओला असेल तर डिझेल गाडीचा काळा धूर आणि कमी ओढ याचं उत्तर मिळालं. ओला फिल्टर वाळवून वापरता येतो, पण आमच्या सड्यावरची तांबडी धूळ आणि चिरेखाणींचा भुगा त्याच्यावर बसलेला असेल तर पाण्याने त्याची पेस्ट झालेली असते. तो टाका, नवा घाला. फिल्टर काढून ठेवून ‘तेवढ्यापुरती’ गाडी चालवू नका. डब्याच्या तळाशी पाणी साचलं असेल तर पुसा, आणि ते पुढे पाइपातही गेलंय का ते बोट घालून बघा. पाइप आतून ओला असेल तर पुन्हा सेल्फ मारू नका.

मग बॅटरी. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर आधी निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, पुसा, घट्ट बसवा, वरून व्हॅसलीन. लावताना उलट, आधी पॉझिटिव्ह. हा क्रम का? निगेटिव्ह जोडलेली असताना पाना पॉझिटिव्हवरून घसरून बॉडीला लागला तर सरळ शॉर्ट होतो.

मल्टिमीटर घरात ठेवा, तीन-चारशेत येतो. इंजिन बंद असताना बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास, चालू असताना १३.८ ते १४.५. नव्या काही गाड्यांत कॉम्प्युटर चार्जिंग कमी-जास्त करतो, म्हणून हेडलाइट लावून मोजा. चालू इंजिनवरही आकडा साडेबाराच्या खालीच घसरत असेल तर डायनॅमोत पाणी किंवा डिग्रीजर (तेलकटपणा काढायचं रसायन) गेला असणार. डायनॅमो म्हणजे चार्जिंग करणारा अल्टरनेटर, पण आमच्याकडे आजही सगळे डायनॅमोच म्हणतात. आधी वाळू द्या. पट्टा किंचाळत असेल तर तो ओला आहे की त्यावर तेल उडालंय ते बघा. ओला असेल तर दहा मिनिटांत गप्प होतो, तेलकट झालेला होत नाही.

अर्थिंगची वायरही बघा. इंजिनपासून बॉडीला जाणारी ती जाड, वेणीसारखी पट्टी असते. खाऱ्या हवेत तिचा बोल्ट गंजतो. सेल्फ मारताना इंजिन आणि बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये मीटर लावला आणि ०.२ व्होल्टच्या वर आला, तर बोल्ट खोलून पॉलिश पेपरने घासा. सेल्फ सुस्त फिरतोय म्हणून नवी बॅटरी घेतलेल्या किती तरी गाड्यांची बॅटरी ठणठणीत होती.

कॉइल आणि प्लग: खरं दुखणं इथे

पेट्रोल आणि सीएनजी गाडीचं मिसिंग दहापैकी आठ वेळा मला इथेच सापडतं. हल्लीच्या इंजिनात प्रत्येक प्लगच्या डोक्यावर एक कॉइल असते आणि प्लग खोल विहिरीसारख्या खड्ड्यात बसलेला असतो. गनचं पाणी कॉइलच्या कडेने त्या विहिरीत उतरतं आणि तिथे ना वारा ना ऊन.

इंजिन थंड असू द्या. हेड ॲल्युमिनियमचं असतं, गरम असताना प्लग खोलला तर आटे सोबत येतात. चावी काढा, निगेटिव्ह सोडा. कपलरची कडी दाबून कपलरच्या अंगाला धरून ओढा, वायरला धरून नाही. बहुतेक गाड्यांत १० नंबरच्या पान्याने एक बोल्ट निघतो. कॉइल जराशी फिरवून वर ओढा. एका वेळी एकच काढा, म्हणजे अदलाबदल होणार नाही.

आता टॉर्च मारून विहिरीत बघा. पाणी असेल तर प्लगला हात लावण्याआधी ते बाहेर काढा. सायकलच्या पंपाने हवा मारा, नाहीतर लांब स्क्रू ड्रायव्हरला कापड गुंडाळून टिपा. आधी प्लग खोललात तर पाणी आणि तांबडी माती थेट सिलिंडरमध्ये जाईल.

मग कॉइलचं लांबट रबर. गेल्या गणपतीत मुंबईकरांची एक हॅचबॅक आली होती. दोन ठिकाणी मिळून तिसऱ्या सिलिंडरची कॉइल दोनदा बदलून झाली होती, तरी सकाळी झटके होतेच. रबर उलटं करून आत बघितलं तर तोंडापासून बोटभर आत एक पांढरं कडं, मिठागराच्या बांधाला असतं तसं. बोट फिरवलं, जिभेला लावलं. सवय वाईट आहे, पण खारट लागलं. नवी कॉइल बसवताना जुनंच रबर लावलं होतं आणि विहीर कुणी पुसलीच नव्हती.

इथे एक गोष्ट समजून घ्या, कारण बहुतेक जण इथेच फसतात. कॉन्टॅक्ट क्लीनर आणि तसले स्प्रे पाणी आणि तेल हटवतात, पण मीठ त्यांत नीट विरघळत नाही. मीठ पाण्यातच विरघळतं. म्हणून रबर बॅटरीच्या पाण्याने, म्हणजे डिस्टिल्ड वॉटरने धुवायचं. दुकानात मागताना ‘पाणी’ म्हणून मागा आणि बाटलीवरचं वाचा, शेजारी ॲसिडच्याही बाटल्या असतात. रबर कॉइलपासून सुटत असेल तर सोडवून आतून कानकाडीने दोनदा पुसा. सुटत नसेल तर कॉइलचं डोकं वर धरून फक्त रबरच भिजवा. विहीरही त्याच पाण्यात पिळलेल्या कापडाने पुसा. मग ऊन किंवा हेअर ड्रायर. पूर्ण वाळल्यावर रबराच्या आतल्या कडेला डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणाऱ्या) ग्रीसचा पातळ हात. साधं चाकाचं ग्रीस नको, ते रबर फुगवतं. त्या हॅचबॅकला तीस रुपयांचं पाणी लागलं. कॉइलवर गेलेले पैसे मी मोजून दाखवले नाहीत.

प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ असेल तर धुऊन उपयोग नाही. ठिणगीने स्वतःची पायवाट पाडली आहे. प्लग आणि रबर दोन्ही एकदम बदला, एकच बदललंत तर जुन्यावरची रेघ नव्याला लागते. प्लग बसवताना सुरुवातीचे आटे हातानेच फिरवा.

सीएनजीवर आधी मिसिंग का दिसतं तेही सांगून टाकतो. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेजची ठिणगी लागते. पेट्रोलवर तगून असलेलं कमजोर रबर गॅसवर उघडं पडतं. तेव्हा ‘गॅस किटमध्येच प्रॉब्लेम’ म्हणून किट खोलायला देण्याआधी प्लगची विहीर बघा.

नेमकं कोणतं सिलिंडर हे कळायला स्कॅनर लावा, तो गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड वाचतो. पी०३०१ म्हणजे पहिलं, पी०३०२ दुसरं, असं पुढे. पी०३०२ आला तर दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर लावा, मग कोड पुसून चालवा. आता पी०३०३ आला तर कॉइल किंवा तिचं रबर खराब. दुसऱ्यावरच राहिला तर प्लग, वायरिंग किंवा इंजेक्टर. या अदलाबदलीला पैसे लागत नाहीत आणि हिने माझ्या गिऱ्हाइकांच्या कितीतरी कॉइल वाचवल्या आहेत.

जुन्या कार्बोरेटरवाल्या गाड्या, ओम्नी वगैरे, अजून आमच्याकडे मासळी वाहतात. त्यांच्या डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाखाली दव धरतं. झाकण काढा, कोरड्या कापडाने पुसा, झालं.

कपलर आणि फ्यूज बॉक्स

कपलर एकेक करून काढा, आत हिरवट काही दिसतं का बघा. नुसतं ओलं असेल तर हवा मारा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वाळू द्या, परत ‘टिक्’ आवाज येईपर्यंत बसवा. एअर-फ्लो सेन्सरच्या आत मात्र डब्ल्यूडी-फॉर्टीसारखा तेलकट स्प्रे कधीही मारू नका. त्याची बारीक तार तेलाने माखली की तो हवा चुकीची मोजतो आणि तुम्ही एका दोषाचे दोन करता. फ्यूज बॉक्सचं झाकण उघडण्याआधी बॅटरी सोडा. रिलेच्या पायांवर हिरवं चढलं असेल तर तेवढा रिले बदला. बॉक्सच्या खालच्या बाजूने पाणी शिरलेलं दिसलं तर पुढे जाऊ नका.

इथे थांबा, माणूस बोलवा

इंजिन अडकलं आहे, किंवा फिल्टरच्या पुढच्या पाइपात पाणी आहे: टो करून न्या. पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी: सेल्फ न मारता थेट गॅरेजला. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी शिरलं, तेव्हापासून हे लोकांना सांगावं लागत नाही, तरी सांगतो. इंजिनच्या कॉम्प्युटरचा कपलर ओला किंवा हिरवा दिसला तर तो घासू नका, त्याच्या पिना केसासारख्या असतात. पेट्रोलचा किंवा गॅसचा वास येत असेल तर मीटर, ड्रायर सगळं बाजूला, गॅसच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून लांब व्हा. कॉमन रेल डिझेलच्या इंजेक्टरचे पाइप ढिले करू नका. चालू इंजिनात तिथलं प्रेशर हजार बारच्या वर जातं आणि ती धार कातडीत घुसते. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत नारंगी वायर दिसली की तिथे आपलं काम संपलं. आणि वॉरंटीतली गाडी असेल तर कॉइलही खोलू नका, आधी सर्व्हिस सेंटरला दाखवा.

मग इंजिन धुवायचं कसं?

माझं मत विचाराल तर धुवायचं नाही, पुसायचं. दोन इंची कोरडा रंगाचा ब्रश आणि ब्लोअर, एवढ्याने तांबडी धूळ नव्वद टक्के जाते. वायपरखालच्या जाळीपासून सुरुवात करा. तिथे आंब्याचा वाळलेला मोहर, फणसाची पानं, सुरूच्या काड्या साचतात, पाणी जाण्याची भोकं बुजतात आणि पहिल्याच पावसात पाणी केबिनमध्ये उतरतं. मृगाच्या आधी हे एकच काम केलंत तरी चालेल.

तेलकट जागा राहिली तर इंजिन थंड असताना, रॉकर कव्हरवर (इंजिनच्या वरच्या झाकणावर) हात आरामात ठेवता येईल इतकं, डिग्रीजर कापडावर मारा आणि कापडाने पुसा. इंजिनवर फवारू नका. शेवटी नळाच्या गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं कापड फिरवा. बोअरचं पाणी चवीला मचूळ असेल तर ते इंजिनला नको. डिझेल किंवा रॉकेल फवारून चमक आणायची जी पद्धत आहे ती सोडा. रबराचे पाइप मऊ पडतात, धूळ दुप्पट चिकटते आणि गरम सायलेन्सरवर पडलं तर आगच. पावसाआधी चेसिसला जळकं ऑइल मारणारे तेच पंप इंजिनकडे वळवतात, तेव्हा तिथे उभे राहा.

पाणी वापरणं अगदीच भाग पडलं, शेणामातीने भरलेली शेतावरची गाडी असते तशी, तर बॅटरीची निगेटिव्ह सोडा, हवेच्या पाइपाचं तोंड, डायनॅमो, फ्यूज बॉक्स आणि कॉइल यांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधा, आणि गन नाही, झारीने किंवा मगाने पाणी. नंतर फॅन. पिशव्या बांधताना मोजा आणि सोडताना पुन्हा मोजा. हवेच्या पाइपावरची पिशवी विसरून सेल्फ मारलेली एक गाडी माझ्याकडे आली होती, पिशवी अख्खी फिल्टरला चिकटून आत गेलेली आणि मालक म्हणत होता, पंप गेला.